डेलची रायफल बदलायची की नाही

बंदूक चुकते, माणूस कधी चुकत नाही. अमेरिकेत, उत्तर जॉर्जियातल्या एका लहानशा गावात, बंदूकदुरुस्तीच्या दुकानात माझं सगळं कामाचं आयुष्य गेलं, आणि काउंटरच्या पलीकडून हे एकच सत्य मी ऐकत आले. गोळी उजवीकडे गेली, तर नळी वाकडी. हरीण निघून गेलं, तर दुर्बीण भिकार. आत येऊन कोणी असं म्हणालं नाही, की बाई, माझाच हात हलला.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात कोणी क्रूझवर लिहितं, कोणी नातवंडांवर. मला म्हणाले, शालनकाकू, तुम्ही दुकानाबद्दल लिहा. म्हटलं, बघा बरं, शिकारीचं नाव काढलं की आपल्यातल्या निम्म्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. तर त्या निम्म्यांना आधीच सांगते: मी आजवर कागदाशिवाय कशावरही गोळी झाडलेली नाही. पण ज्याला झाडायचीच आहे त्याची गोळी जिथे जायला हवी तिथेच जावी, हे बघणं माझं काम होतं. अर्धवट लागलेलं जनावर रानात तडफडत राहतं. ते होऊ नये म्हणून जे करायचं, त्याला आमच्या धंद्यात अचूकता म्हणतात. बाकी सगळी हौस.

मी यात कशी आले, तर तराजूमुळे. माझे वडील कराडला तराजू-काटे दुरुस्त करायचे. वाण्याचा काटा चुकायला लागला की वाणी म्हणायचा, दांडी बदला. वडील आधी पारडं उचलून खाली बघायचे. पाचातून चारदा तरी तिथे जोंधळ्याचा दाणा अडकलेला असायचा. ते म्हणायचे, "काट्याला बोल लावण्याआधी पारडं पूस." लग्न होऊन मी इकडे आले. हे गालिच्यांच्या गिरणीत मेंटेनन्सला होते. आमचं गवत कापायचं यंत्र बिघडलं म्हणून अर्लच्या दुकानात गेलो. अर्ल म्हणजे माझे नंतरचे मालक. बंदुका आणि गवताची यंत्रं, दोन्ही एकाच टेबलावर दुरुस्त करायचे. त्यांच्यासमोर दारू मोजायचा एक नाजूक काटा होता. दारू म्हणजे काडतुसात भरायची, गैरसमज नको. काटा काही केल्या स्थिर होईना आणि हे गृहस्थ त्याच्याशी भांडत होते. मला इंग्रजी जेमतेम. मी नुसतं वर बोट दाखवलं. डोक्यावर पंखा फिरत होता. पंखा बंद केला, काटा थांबला.

पुढच्या आठवड्यात मी काउंटरवर. अर्ल मला कायम 'मिस शालन' म्हणत. आपल्याकडे नावापुढे ताई लावतात, इथे दक्षिणेत नावाआधी मिस लावतात, माया तीच. बाकी सगळं बघून बघून शिकले. शाळा नाही, सर्टिफिकेट नाही, खोललेल्या बंदुका हीच पाटी.

आता ज्यांनी रायफल कधी हातात धरली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रायफल म्हणजे एक लोखंडी नळी, तिच्या मागे काडतूस धरून फोडणारं यंत्र, आणि हे दोन्ही ज्यात बसतं तो लाकडाचा दस्ता. वर दुर्बीण, खाली चाप. नळीची गंमत अशी, की गोळी सुटताना ती थरथरते. तंबोऱ्याची तार छेडल्यावर थरथरते ना, तशी, फक्त डोळ्यांना दिसत नाही. दरवेळी ती सारखीच थरथरली तर गोळ्या एका जागी जातात. म्हणून चांगल्या रायफलीत नळी पुढे दस्त्याला कुठेही टेकत नाही, मध्ये कागद सरकेल एवढी फट असते. कुठे काही टेकलं, की आज एक आणि उद्या भलतंच.

मग माणसं विचारतात, माझी रायफल बरी की वाईट? त्यावर माझं माप स्वयंपाकघरातलं. शंभर यार्डांवर कागदावर काही गोळ्या मारा. सगळ्या एका लिंबाएवढ्या जागेत पडल्या तर तुमची रायफल उत्तम, घरी जा. हरणाची जी जागा लागली की ते जागच्या जागी पडतं, ती भाकरीएवढी असते. लिंबाचं आवळ्यावर आणायला माणसं नवी नळी, नवा दस्ता, नवा चाप, नवी दुर्बीण असं सगळं बदलायला निघतात. मी विचारायची, "हरणाला कळणार आहे का, लिंबू होतं की आवळा?" अर्ल मागून म्हणायचे, "मिस शालन, गिऱ्हाईक पळवू नका."

अल्फारेटा शहरातून सौरभ नावाचा एक पुण्याचा मुलगा यायचा, आयटीतला. मित्रांबरोबर शिकारीला जायला लागला होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काकू, मी सगळा रिसर्च करून आलोय. बॅरल चेंज करायचं, बस. बाकी डिस्कशन नको." म्हटलं, नको तर नको, पण मला एकदा मारून दाखव. दुकानाच्या मागे आमची मातीचा बांध घातलेली जागा होती. त्याची काडतुसं मी भरून दिली आणि त्याला न सांगता मध्ये एक पोकळ, बिनदारूचं घातलं. दोन गोळ्या झाल्या, तिसऱ्यांदा त्याने चाप ओढला. आवाज काहीच झाला नाही, पण रायफलीचं तोंड असं खाली गेलं, की समोर बसलेल्याने पायच वर घेतले असते. धक्का बसणार म्हणून हा आधीच दचकत होता. सौरभने रायफल हळूच खाली ठेवली. मग म्हणाला, "काकू, हा बग तर माझ्यात आहे यार." मला यार म्हणाला, म्हणजे मनापासून बोलला. त्याला खांद्याशी लावायची जाड रबरी गादी बसवून दिली आणि महिनाभर पोकळ काडतुसांवर सराव करायला लावला. नळी अजून तीच आहे.

पण बदलूच नये असं मी कधी म्हटलं नाही. शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर यायचे, बोटं संधिवाताने वाकलेली. त्यांच्या रायफलीचा चाप इतका जड, की ओढेपर्यंत हात थरथरायचा. त्यांना हलका चाप बसवून दिला आणि मास्तरांचा नेम पुन्हा तरुण झाला. तिथे खर्च सार्थकी लागला. अडचण जिथे आहे तिथे हात घाला, एवढंच.

आणि एका गिऱ्हाइकाची हळहळ अजून वाटते. त्याने आजोबांची रायफल आणली आणि सगळं नवं करा म्हणाला. नळी गेली, दस्ता गेला. जुनं सामान फेकून द्या असंही स्वतःच म्हणाला. रायफल झाली झकास, आवळाच काय, बोरात मारायची. पुढच्या वर्षी तो आला, काउंटरशी जरा घुटमळला आणि म्हणाला, "तो जुना दस्ता आहे का हो कुठे? आजोबांच्या गालाने एका जागी लाकूड गुळगुळीत झालं होतं." नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येकाचं जुनं सामान कापडात बांधून हातात द्यायची. फेकायचं तर घरी जाऊन फेका.

ही हळहळ मनात होती, म्हणून केतकी आली तेव्हा मी सावध झाले.

केतकी देशकर. इथेच जन्मलेली, वय पंचविशीचं, गाईघोड्यांच्या डॉक्टरकडे सहायक. उंच, बूट कायम चिखलाचे. मराठी समजायचं सगळं, बोलायची अर्धं. तिच्या आईवडिलांच्या शेजारी डेल नावाचे एक म्हातारे राहत. त्यांना मूल नव्हतं. ही लहानपणापासून त्यांच्या मागे रानात जायची. नेम धरायला त्यांनीच शिकवलं. ते गेले तेव्हा त्यांच्या बायकोने, मिस डॉरथीने, डेलची रायफल हिला दिली. डेल दर वर्षी एक हरीण आणायचे आणि त्यावर डॉरथीबाईंचा हिवाळा निघायचा. ते गेल्यावर केतकी आणायला लागली.

वडिलांना हे मुळीच रुचत नव्हतं. नितीन देशकर मूळचे नागपूरचे, अंडंही न खाणारे. मंडळाच्या कार्यक्रमात मला भेटले की म्हणायचे, "काकू, तुम्ही तरी तिला समजवा." मी म्हणायची, मी बंदुका समजावते, मुली नाही. मुलीचं अपार्टमेंट भाड्याचं, तिथे बंदूक ठेवायला परवानगी नाही, म्हणून बंदुकीची तिजोरी वडिलांच्याच तळघरात होती. रायफल बापाच्या घरात आणि तिच्याबद्दल बापलेकीत एक शब्द नाही, असं चाललेलं.

तर ऑक्टोबरात एका सकाळी केतकी रायफल घेऊन आली. शिकारीचा सीझन तोंडावर. काहीतरी बिनसलंय, हे तिचा चेहराच सांगत होता.

"काकू, टोटल अपग्रेड करायचंय. बॅरल, स्टॉक, ट्रिगर, एव्हरीथिंग."

"आधी टेबलावर तर ठेव. रिकामी आहे ना?" मी स्वतः उघडून बघितलं. रिकामी आहे असं देवाने सांगितलं तरी मी बघणार. "झालं काय?"

"ती मारतच नाही नीट. सप्टेंबरमध्ये परफेक्ट होती. आता बघा." तिने खिशातून कागद काढला. मी तो उजेडात धरला. लिंबू नाही, भाकरी नाही, जेवणाचं ताट होतं. गोळ्या चारी दिशांना.

"पडली का कुठे?"

"नाही."

"काडतुसं बदललीस?"

"सेम बॉक्स, काकू. सप्टेंबरपासून परवापर्यंत ती सेफमध्येच होती."

अर्ल चष्मा वर करून आले. नळीत उजेड टाकून बघितलं. जुनी आहे, थोडी झिजलीय, म्हणाले. नवी बसवायची तर बसेल, पण कामाची रांग मोठी, हा सीझन जाईल.

"जाऊ दे," केतकी म्हणाली. "ह्या वर्षी मी जात नाही. आणि नवीन बॅरलने पण नाही जमलं, तर विकून टाकते."

"डेलची रायफल?"

ती दस्त्यावरून हात फिरवत होती. "काकू, एकदा डेलला आणि मला रानात एक हरीण मिळालं होतं. दुसऱ्या कोणाची गोळी, पोटात लागलेली. दोन दिवस ते तसंच होतं. डेल म्हणाला, खात्री नसेल तर चाप ओढायचा नाही, नेव्हर. मला आता हिची खात्री नाही. मग काय करू?"

 पोरीचं बरोबर होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर दुसराच दस्ता होता, जो पुढच्या वर्षी कोणी मागायला आला तर मिळणार नव्हता. नळी बदलायची, दस्ता बदलायचा, चाप बदलायचा, मग डेल तिच्यात राहणार कुठे? म्हटलं, "बाळा, आज तुला दुसरं काम आहे?"

"नाही."

"मग बस. मी आधी पारडं पुसते."

"काय पुसता?"

"बघ नुसती."

दुर्बिणीचे स्क्रू तपासले, घट्ट होते. दस्त्याचे तपासले, तेही घट्ट. नळी आतून साफ केली. मग डॉलरची एक नोट घेतली आणि पुढच्या टोकाकडून नळी आणि दस्ता यांच्या फटीत सरकवली. बंदूक दुरुस्त करणारा प्रत्येक जण हे करतो. नोट सरसर मागपर्यंत जायला हवी. अर्ध्यात अडली. मागे घेतली, पुन्हा सरकवली, पुन्हा तिथेच.

"अर्ल, इथे काहीतरी टेकतंय."

"लाकूड फुगलं असेल."

"सेफमध्ये बसून?"

दोन स्क्रू काढून दस्ता वेगळा केला. आतल्या खाचेत, लाकडाला घट्ट चिकटलेला, एक लाल दाणा होता. आजूबाजूला लाल डाग वाळलेला.

अर्ल वाकून बघत राहिले. "मी इथे कुंभारमाशीचं घर पाहिलंय, च्युइंगम पाहिलंय. हे काय आहे?"

"इज दॅट राइस?" केतकी म्हणाली.

मी तो नखाने खरवडला आणि ओळखलं.  नुसता तांदूळ नव्हता तो. अक्षता होती. कुंकवात भिजवलेली, ओली असतानाच फटीतून आत घरंगळलेली आणि तिथेच वाळून खडा झालेली. तापलेली नळी दरवेळी तिच्यावर टेकणार आणि गोळी दरवेळी नव्या दिशेला जाणार. मनात हिशोब केला, मागच्या आठवड्यात दसरा झाला. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी.

"केतकी, सेफचा नंबर आणखी कोणाला माहीत आहे?"

"फक्त बाबांना. इमर्जन्सीसाठी. पण बाबा तिला हात पण लावत नाहीत, काकू. ते त्या खोलीत पण जात नाहीत."

"फोन लाव त्यांना. स्पीकरवर ठेव."

पलीकडे मीटिंगचे आवाज होते, मग दार लागल्याचा आवाज. "काय गं, सगळं ठीक?"

मीच बोलले. "नितीन, शालनकाकू बोलतेय. रायफलची पूजा केलीस का तू?"

 केतकी माझ्याकडे बघायला लागली.

"का? काही बिघडलं काय, काकू?"

"केलीस की नाही ते सांग."

"केली," नितीन म्हणाले. "खंडेनवमी होती. लॅपटॉपची केली, हिच्या आईच्या मिक्सरची केली, दोन्ही गाड्यांची केली. ती एकटी राहिली होती खाली. मग वाटलं, कशाला राहू द्यायची. नुसतं गंध लावलं, चार अक्षता टाकल्या. रिकामी आहे का ते आधी तपासलं, व्हिडिओत बघून. आणि नंतर पुसलं पण सगळं, डाग नको म्हणून." मग जरा थांबून, "तिला माहीत नाही. तुम्ही सांगू नका."

"बाबा, मी इथेच आहे," केतकी म्हणाली.

तिने फोन जवळ ओढला.

"तुम्हाला ती आवडत नाही ना, बाबा."

"आवडत तर नाहीच," नितीन म्हणाले. "म्हणून काय पूजा करायची नाही? तू ती घेऊन जंगलात एकटी जातेस."

केतकीने फोन उचलला आणि बाहेर गेली. काचेतून दिसत होती, पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत, चिखलाच्या बुटांनी पायाखालचे खडे उडवत. अर्ल म्हणाले, "मिस शालन, मला कोणी सांगेल का काय झालं?" मी त्यांना सांगितलं, आमच्यात वर्षातून एकदा हत्यारांना मान देतात. ती ज्याच्या कामी येणार आहेत त्याचं भलं व्हावं म्हणून. त्यावर त्यांनी टेबलावरचे आपले स्क्रू-ड्रायव्हर बघितले आणि म्हणाले, "मग माझ्या हत्यारांना इतकी वर्षं कोणी मान दिला नाही?" दिला होता. दर वर्षी सकाळी लवकर येऊन मीच हळद-कुंकू लावायची आणि ते यायच्या आत पुसून टाकायची. ते त्या दिवशीही नाही सांगितलं.

दाणा काढला, खाच साफ केली, दस्ता चढवला. नोट सरसर मागपर्यंत गेली. केतकी परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण मी बघितलं नाही असं दाखवलं. मागच्या बांधाकडे गेलो. तिने दुर्बीण पुन्हा जुळवून घेतली आणि अगदी सावकाश, नळी गार होऊ देत, गोळ्या मारल्या. कागद आणला. लिंबू. तेही कागदी लिंबू, लहानसं.

"आता काय बदलायचं?" मी विचारलं.

"नथिंग," ती म्हणाली.

डॉरथीबाईंचा त्या वर्षीचा हिवाळा नेहमीसारखा निघाला. दिवाळीत नितीन माझ्याकडे फराळाचा डबा घेऊन आले, हरणाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. जाताना दारात म्हणाले, "एका गोळीत झालं म्हणे." बस, एवढंच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अर्लनी दुकान बंद केलं आणि मीही घरी बसले. आता रायफली बघायला कोणी येत नाही, येतात ते कुकरची शिटी आणि शिवणयंत्रं घेऊन. तीही करते, आधी पुसून.

पण यंदा खंडेनवमीला सकाळीच दाराची बेल वाजली. नितीन आणि केतकी, दोघं. नितीनच्या हातात पूजेचं ताट, त्यावर रुमाल झाकलेला. केतकीच्या खांद्यावर डेलची रायफल, पेटीत बंद.

"काकू," नितीन म्हणाले, "घरीच करणार होतो, पण ही करू देईना. म्हणते, आधी काकूंना विचारा. गंध कुठे लावायचं आणि अक्षता कुठे टाकायच्या, ते एकदा दाखवून द्या. पुन्हा घोळ नको."

मी रायफल टेबलावर घेतली, उघडून रिकामी असल्याची खात्री केली, आणि दस्त्याच्या मागच्या बाजूला, जिथे डेलचा गाल टेकून लाकूड उजळ झालंय त्याच्या जरा खाली, बोट ठेवलं. "गंध इथे. नळीपासून लांब. चालेल."

"आणि अक्षता?"

"अक्षता बंदुकीवर नाहीच टाकायच्या," मी म्हटलं. "त्या हिच्या डोक्यावर टाक."

केतकीने टोपी काढली आणि मान खाली घातली.